रिमोट बोलतो, ऐकत मात्र नाही

दुपारचे तीन वाजले आहेत. मुलगा आणि सून कामावर, नातवंडे शाळेत. आजींनी वामकुक्षी आटोपून टीव्ही लावण्यासाठी रिमोट हाती घेतला आहे. टीव्ही सुरू होतो; पण मालिकेऐवजी रिकाम्या पडद्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरे इकडून तिकडे सरकत राहतात. मग दुसरा रिमोट उचलला जातो. त्याने सेट-टॉप बॉक्स बंद होतो. तिसऱ्याने काहीच घडत नाही. अखेर मुलाच्या कार्यालयात फोन जातो. 'अगं आई, तो काळा रिमोट घे, त्यावर सोर्स असं लिहिलेलं बटण बघ.' 'अरे, तिन्ही काळेच आहेत!' असा संवाद पाच-दहा मिनिटे चालतो आणि बहुधा 'राहू दे, संध्याकाळी तूच लाव,' या वाक्याने संपतो.

शहरांतील असंख्य घरांना हा प्रसंग नवा नाही. वाणसामानाच्या हिशोबापासून बँकेच्या व्यवहारापर्यंत सारे घर समर्थपणे चालविलेली व्यक्ती स्वतःच्याच दिवाणखान्यात परावलंबी होते, हे त्यातील खरे दुखणे आहे. यावर उपाय म्हणून 'युनिव्हर्सल रिमोट' बाजारातून आणला जातो. दोन दिवस कौतुकाने वापरला जातो आणि मग तोही टीपॉयवर चौथा रिमोट म्हणून पडून राहतो. असे का होते, हे समजून घ्यायचे तर रिमोट आणि टीव्ही यांच्यात नेमके काय बोलणे चालते, हे पाहावे लागेल.

मुंबईत दूरदर्शनचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. संचाला खटका होता, वाहिनी एकच होती आणि उठून आवाज कमी-जास्त करण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्या मुलाकडे असे. केबलने वाहिन्या वाढविल्या, तसा टीव्हीचा रिमोट आवश्यक झाला. पुढे केबलच्या डिजिटलीकरणाने ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीने मुंबईत, आणि ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत घरोघरी सेट-टॉप बॉक्स आणला. त्याच्यासोबत दुसरा रिमोट आला. वाहिन्या या रिमोटवर, टीव्ही चालू-बंद त्या रिमोटवर, आवाज मात्र दोहोंवर, अशी विचित्र वाटणी तेव्हापासून झाली. त्यानंतर साउंडबार आला, इंटरनेटवरील चित्रपटांसाठी टीव्हीच्या पाठीत खोचायची कांडी आली. प्रत्येक यंत्र आपला रिमोट घेऊन आले.

मुळात रिमोट ही कल्पना अमेरिकेतील झेनिथ कंपनीची. या कंपनीने १९५० मध्ये 'लेझी बोन्स' नावाचा रिमोट काढला. त्याला टीव्हीपर्यंत जाणारी लांब तार होती आणि लोक तिला अडखळून पडत. १९५५ मध्ये याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी 'फ्लॅश-मॅटिक' तयार केला. पिस्तुलाच्या आकाराच्या विजेरीचा झोत पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदकांवर टाकायचा, की एकेक काम होई. खिडकीतून ऊन आले की टीव्ही आपणहून वाहिनी बदले, ही त्याची खोड! पुढच्याच वर्षी रॉबर्ट अॅडलर यांचा 'स्पेस कमांड' आला. त्यात सेलच नव्हता. बटण दाबले की आतली छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि मानवी कानाला ऐकू न येणारा उच्च कंपनांचा ध्वनी टीव्हीपर्यंत पोहोचे. ध्वनीवर चालणारे रिमोट पुढे सुमारे दोन दशके टिकले. त्यानंतर अवरक्त किरणांचा, म्हणजे इन्फ्रारेडचा रिमोट रूढ झाला आणि आजही बहुतांश घरांत तोच आहे.

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतो तो प्रकाशच. रिमोटच्या टोकाशी असलेला छोटा दिवा साधारणतः ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. घरातील दिव्यांतून आणि उन्हातूनही अवरक्त किरण येत असतात. त्या गर्दीत रिमोटचा प्रकाश टीव्हीने ओळखायचा कसा? यासाठी रिमोटचा दिवा नुसता लागत नाही, तर सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. टीव्हीतील ग्राहक नेमक्या याच लयीच्या प्रकाशाकडे लक्ष देतो आणि बाकीचा सोडून देतो. थेट ऊन पडत असेल तर मात्र हा बिचारा ग्राहकही दिपून जातो. काही जुने सीएफएल दिवेही त्याला गोंधळात टाकत.

या लुकलुकत्या प्रकाशाच्या लांब-आखूड तुकड्यांतून संदेश तयार होतो. जुन्या तारायंत्रातील कडकट्टसारखाच. पण सर्वांची लिपी एक नाही, आणि साऱ्या घोळाचे मूळ येथे आहे. बऱ्याच उपकरणांत जपानच्या एनईसी कंपनीची लिपी वापरली जाते. तिच्यात आरंभी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, त्यानंतर उपकरणाचा पत्ता आणि शेवटी आज्ञा, असा क्रम असतो. पत्ता आणि आज्ञा दोन्ही दोनदा सांगितली जातात; दुसऱ्यांदा उलट करून, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. ताळा जुळला नाही तर टीव्ही संदेश सोडून देतो. हे सारे ६७.५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या जेमतेम पंधराव्या भागात उरकते. बटण दाबूनच ठेवले तर रिमोट संपूर्ण संदेश पुन्हा म्हणत बसत नाही. 'तेच, तेच' अशा अर्थाची छोटी खूण करीत राहतो.

फिलिप्सची आरसी-५ ही लिपी वेगळी. तिची लय ३६ हजारांची, आणि प्रत्येक नव्या दाबासरशी तिच्यातील एक खूण पालटते. सोनीची लिपी आणखी निराळी. तिची लय ४० हजारांची. म्हणून एका कंपनीच्या रिमोटचे दुसरीच्या टीव्हीला काही कळत नाही. हे एका अर्थी बरेच आहे. नाहीतर साउंडबारचा आवाज वाढविताना टीव्हीची वाहिनी बदलली असती.

यातून युनिव्हर्सल रिमोटची गरज निर्माण झाली. फिलिप्सच्या अमेरिकी शाखेने मॅग्नाव्हॉक्स या नावाखाली १९८५ मध्ये असा रिमोट आणला. अॅपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी अॅपलमधून बाहेर पडल्यावर सीएल ९ ही कंपनी काढली, ती याच कामासाठी. तिचा 'कोअर' हा रिमोट १९८७ मध्ये बाजारात आला. तो इतर रिमोटचे संदेश ऐकून शिकत असे. सामान्य माणसाला तो पेलवला नाही, ही गोष्ट वेगळी.

सांगितलेले आणि शिकविलेले

युनिव्हर्सल रिमोट दोन रीतींनी तयार करता येतो. पहिल्या रीतीत रिमोटच्या स्मृतीत निरनिराळ्या कंपन्यांच्या लिपी आधीच भरलेल्या असतात आणि आपल्या घरात कोणते यंत्र आहे, ते त्याला एका आकड्याने सांगायचे असते. दुसऱ्या रीतीत त्याला मूळ रिमोटसमोर बसवून एकेक बटण शिकवायचे असते. काही रिमोटमध्ये दोन्ही सोयी असतात.

पहिल्या रीतीचा सर्वसाधारण क्रम असा. टीव्ही हाताने सुरू करावा. रिमोटवरील 'सेट' वा 'सेटअप' हे बटण त्यावरचा दिवा खूण देईपर्यंत दाबून धरावे. 'टीव्ही' हे बटण दाबावे. सोबतच्या पुस्तिकेत आपल्या कंपनीच्या नावापुढे दिलेला, बहुधा चार आकडी, कोड दाबावा. मग रिमोट टीव्हीकडे धरून पॉवरचे बटण दाबावे. टीव्ही बंद झाला तर कोड लागू पडला.

बहुतेक जण येथेच थांबतात आणि फसतात. एकाच कंपनीने वेगवेगळ्या काळात वेगवेगळे संदेश वापरलेले असतात, म्हणून पुस्तिकेत एका नावापुढे पाच-सात कोड दिसतात. त्यांतील दोन-तीन कोडवर टीव्ही बंद होईलही; पण एकावर आवाज चालतो तर सोर्स चालत नाही, दुसऱ्यावर सोर्स चालतो तर मेन्यूतील बाण चालत नाहीत. म्हणून पॉवर चालले की लगेच आवाज, म्यूट, सोर्स, बाण आणि आकडे ही बटणे तपासावीत आणि सर्वांत जास्त बटणे चालविणारा कोड ठेवावा. या पंधरा मिनिटांच्या चिकाटीवर पुढची काही वर्षे सुखाची जाणार की नाही, हे ठरते.

यादीत कंपनीचे नावच नसेल तर 'शोध' ही सोय वापरायची. रिमोट एकामागून एक सारे कोड टीव्हीवर आजमावतो आणि टीव्ही बंद होताच आपण त्याला थांबवायचे असते. हात जरा रेंगाळला तर योग्य कोड निसटून जातो आणि साऱ्या फेऱ्याला पुन्हा सुरुवात करावी लागते. फारशा प्रसिद्ध नसलेल्या नावाच्या टीव्हीबाबत आणखी एक युक्ती उपयोगी पडते. अशा संचांतील मुख्य सर्किट अनेकदा भलत्याच उत्पादकाचे असते. तेव्हा दुसऱ्याच कंपनीचा कोड त्यावर अचूक चालू शकतो.

दुसरी रीत शिकविण्याची. आपल्याकडे ती अनेकांच्या हातात फुकट आलेली असते, याची मात्र पुष्कळांना कल्पना नसते. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट नीट पाहावा. त्याच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला चौकटीत वेगळी काढलेली चार-पाच बटणे बहुधा असतात: पॉवर, आवाज वर, आवाज खाली, 'टीव्ही/एव्ही' आणि एक छोटे 'सेट'. ही चौकट टीव्हीसाठी राखीव असते, आणि बसविणारा माणूस घाईत ती तशीच कोरी ठेवून जातो. तिला शिकविले की दोन रिमोटचा एक रिमोट होतो. नवा घेण्याची गरजही राहात नाही.

त्यासाठी 'सेट' काही सेकंद दाबून धरावे. दिवा स्थिर लागला की, शिकवायचे ते बटण, समजा पॉवर, एकदा दाबावे. आता टीव्हीचा मूळ रिमोट या रिमोटच्या तोंडाला तोंड करून दोन-चार बोटांच्या अंतरावर सपाट टेबलावर ठेवावा आणि त्याचे पॉवर बटण दाबावे. दिवा लुकलुकला म्हणजे धडा पक्का झाला. याच प्रकारे आवाजाची दोन्ही बटणे आणि सोर्स शिकवावे आणि शेवटी 'सेट' दाबून बाहेर पडावे. तपशील रिमोटगणिक थोडे बदलतात. तत्त्व हेच असते.

शिकवताना काही पथ्ये आहेत. दोन्ही रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड त्या वेळेपुरते तरी काढावे. (रिमोट पिशवीत घालून वापरणे हा आपला राष्ट्रीय बाणा आहे. पारदर्शक प्लास्टिकमधून किरण पार होतातही; पण मळलेल्या घड्यांतून गेलेला धूसर संदेश शिकविण्याच्या कामी येत नाही.) खिडकीतल्या उन्हात हे काम करू नये. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घालावेत, कारण थकलेल्या सेलचा संदेश टीव्हीला कसाबसा कळतो, पण शिकणाऱ्याला अपुरा पोहोचतो. आणि बटण दाबून किती वेळ धरायचे याबाबत पुस्तिकेचे ऐकावे. काही रिमोटना टिचकी हवी असते, तर काहींना दिवा विझेपर्यंत दाबून धरलेले लागते.

शिकविलेल्या रिमोटची एक चमत्कारिक तक्रार असते. '१' हा आकडा शिकविलेला असतो, तो चालतोही. पण ११ दाबले की टीव्ही १ वरच राहतो. येथे फिलिप्सच्या लिपीतील ती पालटणारी खूण आठवावी. मूळ रिमोट दर दाबाला खूण बदलतो, म्हणून 'एक' दोनदा दाबले आहे की एकदाच दाबून धरले आहे, हे टीव्हीला समजते. साधा शिकाऊ रिमोट मात्र पोपटासारखा ऐकलेला संदेश जसाच्या तसा म्हणतो. खूण बदलत नाही, आणि टीव्हीला वाटते की बोट अजून त्याच बटणावर आहे. दोन दाबांमध्ये दुसरे एखादे बटण दाबले की काम होते. कायमचा इलाज म्हणजे शिकविण्याऐवजी कोडच्या रीतीने रिमोट लावणे.

एकतर्फी संभाषण

इथपर्यंत सारे जमले, तरी दुपारचा तो 'नो सिग्नल' टळेलच असे नाही. त्याचे कारण रिमोटच्या स्वभावात आहे. अवरक्त रिमोट फक्त बोलतो. त्याला कान नाहीत. टीव्हीने आज्ञा ऐकली की नाही, टीव्ही या क्षणी चालू आहे की बंद, कोणत्या सोर्सवर आहे, यांपैकी काहीही त्याला कळत नाही. त्यात पॉवरचे बटण 'चालू कर' किंवा 'बंद कर' असे सांगतच नाही. ते एवढेच म्हणते, 'आहे त्याच्या उलट कर.' टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दोन्ही एकाच बटणावर बसविले आणि कुणी तरी येता-जाता बॉक्स आधीच हाताने सुरू केलेला असला, की त्या बटणाने टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद होतो. पुन्हा दाबावे तर टीव्ही बंद आणि बॉक्स चालू. दोघांची ही फुगडी कितीही वेळा बटण दाबले तरी सुटत नाही. आजींच्या हाती असलेल्या रिमोटचे नेमके हेच झालेले असते.

यातून सुटण्याचा तात्पुरता मार्ग सोपा आहे आणि तो घरातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. टीव्हीकडे रिमोट धरून बटण दाबताना सेट-टॉप बॉक्सच्या पुढ्यात पुस्तक किंवा तळहात आडवा धरावा. संदेश एकालाच पोहोचतो आणि फुगडी सुटते.

पक्का मार्ग तांत्रिक आहे. पुष्कळ टीव्हींना 'उलट कर' या आज्ञेखेरीज 'चालूच कर' आणि 'बंदच कर' अशा दोन स्वतंत्र आज्ञाही कळतात. एचडीएमआय १, एचडीएमआय २ अशा थेट जागी नेणाऱ्या आज्ञाही असतात. गंमत म्हणजे टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवर या आज्ञांची बटणेच सहसा नसतात! बटण नाही म्हणजे ते कुणाला शिकविताही येत नाही. चांगल्या युनिव्हर्सल रिमोटच्या कोडसंग्रहात मात्र त्या सापडतात. 'बंदच कर' ही आज्ञा बंद टीव्हीला दहा वेळा दिली तरी बिघडत नाही. म्हणून महाग रिमोट घेताना किती उपकरणे चालतात हा आकडा विचारण्यापेक्षा अशा स्वतंत्र आज्ञा आहेत का, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

एका बटणावर अनेक आज्ञांची साखळी बसविण्याची सोय असते, तिला मॅक्रो म्हणतात. 'बातम्या' हे बटण दाबले की टीव्ही चालू, सोर्स एचडीएमआय १, बॉक्स चालू, साउंडबार चालू, मग वाहिनीचा तीन आकडी क्रमांक. हे मोठे सोयीचे आहे. फक्त टीव्हीला जागे व्हायला काही सेकंद लागतात, तोवर दिलेली आज्ञा वाया जाते. साखळीत योग्य जागी विराम घालावा लागतो. शिवाय साखळी संपेपर्यंत रिमोट टीव्हीच्या दिशेने धरून ठेवावा लागतो. बटण दाबून लगेच रिमोट मांडीवर ठेवणे ही माणसाची सहज प्रवृत्ती. त्यामुळे अर्धी साखळी मांडीलाच ऐकू जाते.

या बहिरेपणावर सर्वांत चांगला तोडगा हार्मनी या रिमोटने काढला होता. कॅनडातील इंट्रिग टेक्नॉलॉजीज या कंपनीचा हा शोध. लॉजिटेकने ती कंपनी २००४ मध्ये विकत घेतली. हार्मनीवर 'टीव्ही पाहा', 'चित्रपट पाहा' अशी कामे असत. यंत्रांची नावे माणसाने लक्षात ठेवायची नसत. कोणते यंत्र चालू असायला हवे याची नोंद रिमोट स्वतःच ठेवी आणि काम बदलताना फक्त आवश्यक तेवढेच बदल करी. तरीही गोंधळ झाला तर 'हेल्प' बटण होते. 'टीव्ही सुरू आहे का?' असे रिमोट चक्क विचारी आणि उत्तरानुसार दुरुस्ती करी. स्वतःला ऐकू येत नाही हे मान्य करून माणसाला विचारणारे हे यंत्र अनेकांना प्रिय झाले. लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये त्याचे उत्पादन बंद केल्याचे जाहीर केले. जुना हार्मनी कुणी विकत असेल तर हे ध्यानात ठेवूनच घ्यावा.

घरातल्या वातानुकूलन यंत्राचा रिमोट या बाबतीत हुशार असतो. त्याला पडदा असतो आणि 'एक अंश वाढव' असे न सांगता तो प्रत्येक वेळी 'चालू, गारवा, २४ अंश, पंखा मध्यम' अशी संपूर्ण स्थिती कळवितो. यंत्राने मधला एखादा संदेश ऐकला नाही, तरी पुढचा ऐकताच दोघांचे पुन्हा जुळते. टीव्हीच्या रिमोटबाबत असा विचार सुरुवातीला कुणी केला असता, तर युनिव्हर्सल रिमोटचे अर्धे दुखणे उरले नसते.

कान असलेले रिमोट

अलीकडच्या स्मार्ट टीव्हींचे आणि इंटरनेट कांड्यांचे रिमोट अनेकदा ब्लूटूथवर चालतात. त्यांना समोर धरावे लागत नाही. टीव्हीमागे लपलेल्या कांडीपर्यंत प्रकाश पोहोचत नाही, म्हणून तेथे ब्लूटूथ गरजेचेच असते. पण स्वस्त युनिव्हर्सल रिमोट अवरक्त किरणांचाच असल्याने तो अशा कांडीला चालविणे अशक्य. ज्याला डोळाच नाही त्याच्यापुढे दिवा ओवाळून काय होणार! दुकानात 'सगळ्याला चालतो' असे ठासून सांगितले जाते, तेव्हा घरातील कोणते यंत्र ब्लूटूथचे आहे, हे आधी पाहून जावे.

तपासण्याची युक्ती साधी आहे. मोबाइलचा पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट अवरक्त किरणांचा आहे आणि तो काम करतो आहे. पाठीमागच्या कॅमेऱ्यात हे किरण अडविणारी गाळणी बहुधा असते, म्हणून पुढचाच वापरावा. ठिपका दिसला नाही तर सेल बदलून पाहावेत. तरीही काही दिसले नाही, तर एक तर रिमोट बिघडला आहे किंवा तो ब्लूटूथचा आहे. रिमोटला थाप मारल्यावर तो कधी कधी चालतो, त्याचे कारणही येथे सांगायला हरकत नाही. सेलच्या स्प्रिंगवर गंज चढून सुटलेला संपर्क थापेने क्षणभर जुळतो, एवढेच. स्प्रिंग घासून पुसली की थापेची गरज उरत नाही.

अॅमेझॉनच्या फायर टीव्हीसारख्या कांड्यांच्या रिमोटमध्ये दोन्ही सोयी एकत्र असतात. कांडीशी तो ब्लूटूथने बोलतो. टीव्हीचा आवाज आणि पॉवर यांसाठी त्यात अवरक्त दिवाही असतो. पहिल्यांदा बसविताना तो टीव्हीची कंपनी विचारतो, संगीत लावतो आणि 'आवाज बदलला का?' असे पुसतो. तो मुळात वर सांगितलेला कोडचा शोधच. फक्त सभ्य भाषेत. घाईने 'हो' म्हणून पुढे गेलेल्यांना नंतर आवाजासाठी दुसरा रिमोट लागतो. सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा करता येते.

याहून मोठी गोष्ट टीव्हीच्या पाठीमागे आधीच जोडलेली असते. एचडीएमआयच्या केबलमध्ये चित्र आणि ध्वनीच्या तारांबरोबर एक तार यंत्रांना आपसात बोलण्यासाठी राखलेली आहे. या सोयीचे नाव सीईसी. ती सुरू असेल तर कांडी जागी होताच टीव्ही जागा होतो आणि आपणहून योग्य सोर्सवर येतो. टीव्ही बंद केला की साउंडबारही बंद होतो. येथे संभाषण दुहेरी असल्याने फुगडीचा प्रश्न येत नाही. अडचण एवढीच, की कंपन्यांनी तिला आपापली बारशी केली आहेत. सॅमसंगच्या टीव्हीत ती 'एनीनेट प्लस', सोनीत 'ब्राव्हिया सिंक', एलजीत 'सिंपलिंक', तर पॅनासोनिकमध्ये 'व्हिएरा लिंक' या नावाने सापडते. मेन्यूत ती शोधून सुरू करावी. अनेक सेट-टॉप बॉक्सना मात्र ही सोय नसते, आणि मग त्यांच्यासाठी अवरक्त रिमोटकडेच वळावे लागते. नवीन उपकरण विकत आणण्याआधी सीईसी एकदा आजमावून पाहावी. निम्म्या घरांचे काम तेवढ्यावर भागेल.

मोबाइललाच रिमोट करण्याचा प्रयोगही झाला. सॅमसंगने २०१३ च्या गॅलॅक्सी एस फोरमध्ये अवरक्त दिवा दिला होता. नंतरच्या वर्षांत त्यांनी तो काढून टाकला. शाओमीच्या अनेक फोनमध्ये मात्र तो मिळत आला आहे. वायफायवर चालणारी छोटी डबीही मिळते. ती खोलीत ठेवली की मोबाइलवरून वा बोलून आज्ञा देता येतात आणि ती अवरक्त किरणांत त्यांचे भाषांतर करते. तरुणांना हे आवडते. पण फोन वाजू लागला की रिमोट गेला, आणि फोन घेऊन मुलगा बाहेर गेला की टीव्ही गेला, अशी स्थिती घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला येते. बटण बोटाला अंधारात सापडते. काचेवरचे चित्र सापडत नाही.

घरातील वृद्धांसाठी रिमोट लावायचा असेल, तर काय चालू शकते यापेक्षा काय लागते, याचा विचार करावा. पॉवर, आवाजाची दोन बटणे, वाहिनीची दोन बटणे आणि म्यूट. बहुतेकांचे यावर भागते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ येथील दुकानांत मोठ्या, मोजक्या बटणांचे शिकाऊ रिमोट विचारून पाहावेत. ते न मिळाल्यास सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटची टीव्हीची चौकट शिकवून घ्यावी आणि 'सोर्स' हे बटण मुद्दाम कोरे ठेवावे. चुकून दाबले तरी मग काही होत नाही आणि 'नो सिग्नल' येण्याचा एक मोठा रस्ता बंद होतो. पॉवरच्या दोन बटणांवर नखरंगाचे ठळक ठिपके द्यावेत: टीव्हीला लाल, बॉक्सला पांढरा. बॉक्स कायम चालूच ठेवून फक्त टीव्ही बंद करण्याची सवय लावली, तर दुसऱ्या ठिपक्याचीही गरज राहात नाही. विजेच्या बिलात थोडी भर पडेल, हे खरे. ती मान्य करायची की नाही, हे घरातल्यांनी ठरवावे. हे सारे आजींच्या हातून दोन-चार वेळा करवून घ्यावे, आपण करून दाखवून निघून जाऊ नये.

लागू पडलेला कोड कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून रिमोटच्या सेलच्या झाकणाखाली चिकटवावा. काही जुन्या रिमोटची स्मृती सेल काढताच पुसली जाते आणि तेव्हा पुस्तिका कधीच सापडत नाही. मूळ रिमोट फेकून देऊ नयेत. टीव्हीच्या काही सेटिंग फक्त त्यांच्यावरूनच करता येतात, आणि नवा रिमोट बिघडला तर पुढच्याला शिकविणारे गुरुजी तेच असतात. त्यांतील सेल काढून, म्हणजे ते पाझरून रिमोट खराब होणार नाही, ते एका डब्यात घालून कपाटात ठेवावेत. डब्यावर कोणता रिमोट कशाचा, हे लिहायला विसरू नये. तिन्ही काळेच असतात.